रडण्याची अट काढून टाकल्याबाबत

मी, पुष्पा हरिसिंग आडे, वय सदुसष्ट, मानसशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार लोहारा, यवतमाळ, हे मृत्युपत्र माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून, माझ्याच हाताने लिहीत आहे. मी पूर्ण शुद्धीत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी फूस लावलेली नाही. खरे सांगायचे तर त्यासाठी घरात कोणी येत-जातही नाही. मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. ही चाचणी मी जन्मभर पोरांना शिकवली. वजाबाकी बरोबर आली की मन शाबूत, असे आम्ही धरतो. माझी बरोबर आली.

हृदयाचे तसे नाही. ते थकले आहे आणि पुढची दिवाळी दिसेल याची हमी डॉक्टर देत नाहीत. म्हणून हा कागद. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही, यापुढे करण्याची ताकद राहील असे वाटत नाही.

कलम एक. वारस. मी लग्न केले नाही. का केले नाही हा कोर्टाचा विषय नाही. आईवडील वारले. रक्ताचे म्हणावे असे एकच माणूस उरले आहे, माझी धाकटी बहीण सौ. बबिता रामलाल राठोड, राहणार केळापूर. आईचे दिवसकार्य झाल्यापासून ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. माझ्या वकिलांचे कारकून बळीराम इंगोले यांनी मला सुचवले होते की, "मॅडम, बहिणीचं एका कलमात आटपून टाका, बाकीचं मंग सरळ जाते." मी प्रयत्न केला. आटपत नाही.

कलम दोन. लोहाऱ्याचे घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे न्हाणी आणि कडूलिंबाचे झाड. एमआयडीसीतला भोंगा इथे स्पष्ट ऐकू येतो. हे घर माझ्या कमाईचे असून त्यावर कोणाचाही बोजा नाही. ते मी बबिताला देत आहे.

या कलमाला पहिल्या मसुद्यात एक अट होती: बबिताने माझ्या मयतीला यावे आणि रीतीप्रमाणे रडावे, तरच घर तिला मिळावे. बळीरामभाऊंनी तो कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "मॅडम, येण्याची अट घालता येईन एक वेळ. रडण्याची कायद्यात बसत नाही. कोन ठरवन, ते रडली का नाही?" मी म्हटले, मी ठरवले असते, मी त्यातली तज्ज्ञ आहे. ते हसले. मी हसले नाही. अट काढून टाकली. पण ती का घातली होती हे इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे लिहायला मला जागा उरलेली नाही.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा नेर तालुक्यात आहे. आमच्यात रडणे हे बोलण्याइतकेच कामाचे असते. नवरी सासरी निघाली की एकेकाच्या गळ्यात पडून सुरात रडते. त्याला ढावलो म्हणतात, आणि तो मुली मोठ्या बायकांजवळ बसून शिकतात. मयत झाली की बायका तशाच एकमेकींच्या गळ्यात पडतात. त्या रडण्यात शब्द असतात. गेलेल्याचे गुण असतात, तशा जिवंत माणसाबद्दलच्या तक्रारीही असतात. सुरात केलेल्या तक्रारीला सुरातच उत्तर द्यायचे, मग तोंड धुवायचे आणि चहा प्यायचा. ती गोष्ट पुन्हा साध्या बोलण्यात काढायची नाही. कोणी काढत नाही.

माझी पीएच.डी. यावरच आहे. तांड्यातल्या बायकांचे रडणे आणि भावनांचा निचरा. त्यासाठी मी तांडोतांडी फिरले, प्रश्नावल्या भरून घेतल्या. दुःख झाल्यास आपण ते किती प्रमाणात व्यक्त करता? अजिबात नाही, थोडे, मध्यम, पुष्कळ, फारच. आमची लालीकाकी, म्हणजे माझ्या चुलत्याची बायको, मला म्हणाली होती, "पोरी, पयले चहा घे. मंग टाक खूण कुठीबी." मी चहा घेतला आणि 'पुष्कळ' वर खूण केली.

याडी गेली, म्हणजे आमची आई गेली, तेव्हा मी यवतमाळहून पोचले. अंगणात बबिता माझ्या गळ्यात पडली आणि सुरात म्हणाली की याडी तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसली होती आणि तू दुसऱ्यांच्या आयांची दुःखं विचारत गावोगाव फिरत होतीस. सगळ्या बायका थांबल्या. आता पुष्पा काय म्हणते, याची वाट पाहत होत्या. मला सूर सापडला नाही. शेकडो बायकांचे रडणे मी ऐकले होते, त्याचे प्रकार पाडले होते, कोणत्या प्रकारात कोणती ओळ कुठे येते ते मी झोपेत सांगितले असते. माझ्या तोंडून एक ओळ निघाली नाही. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तसा हात मी समुपदेशनाला आलेल्या बायकांच्या पाठीवरून फिरवते.

याडीचे दिवसकार्य झाल्यावर आम्ही ओसरीवर बसलो होतो. मी बबिताला म्हटले, "तू त्या दिवशी जे बोललीस ते माझ्या मनात आहे. आपण त्यावर मोकळेपणाने बोलू या. तुला नेमकं काय वाटलं ते सांग." हे वाक्य चुकीचे नव्हते. मी ते विद्यार्थ्यांना शिकवते, पुस्तकांत ते असेच दिलेले आहे. मी चुकले असे मी या कागदावर लिहिणार नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. बबिताचा चेहरा उतरला. सगळ्यांच्या देखत मी तिचे लुगडे फेडले असावे तशी ती माझ्याकडे पाहत होती. मग म्हणाली, "माह्यं रडनं तू ऐकून घेतलं, का लिहून घेतलं?" त्याच दुपारच्या एसटीने ती केळापूरला गेली. तेव्हापासून आजपर्यंत अबोला.

त्यानंतर मी दोनदा तिच्या घरी गेले. पांढरकवड्याला उतरायचे आणि ऑटो करायचा. तिने मला पाणी दिले, पाट मांडला, पोटभर जेवू घातले. बोलले ते तिचे यजमान रामलालजी, कापसाबद्दल आणि रस्त्याबद्दल. ती वाढायला आली तेव्हा मी म्हटले, "बबिता, मनात ठेवू नकोस, त्याने माणूस आजारी पडतो, हे सिद्ध झालेलं आहे." तिने माझ्या ताटात आणखी भात वाढला.

घर तिला बिनशर्त द्यावे. तिने ते विकले, भाड्याने दिले किंवा तसेच पडू दिले तरी हरकत नाही.

कलम तीन. शेत. वडिलांच्या शेतातला माझा हिस्सा मी याआधीच बबिताच्या नावे सोडून दिला आहे. त्या कागदावर सह्या करायला तिने दिवस वेगळा निवडला आणि मी वेगळा.

कलम चार. बँकेतील ठेव. तीतून दवाखान्याचा आणि लाकडांचा खर्च वजा जाता जे उरेल ते तांड्यावरून यवतमाळला कॉलेजात येणाऱ्या मुलींच्या एसटी पाससाठी वापरावे. त्यांनी कोणता विषय घ्यावा याबद्दल माझा आग्रह नाही. मानसशास्त्र घेतलेच पाहिजे असे नाही.

कलम पाच. कॅसेटी आणि टेपरेकॉर्डर. या कॅसेटींत प्रबंधासाठी मी टिपलेले बायकांचे रडणे आहे. विद्यापीठाने त्या मागितल्या आहेत, 'दुर्मिळ ठेवा' म्हणून. देऊ नयेत. त्या बायकांनी संमतीपत्रावर अंगठे दिले होते हे खरे, पण तांड्यावर आलेल्या शिकलेल्या पोरीला अंगठा नाकारायची तेव्हा कोणाला सवय नव्हती. माझी विद्यार्थिनी कु. वैष्णवी हिला मी या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमते. तिने त्या कॅसेटी ज्यांच्या त्यांच्या घरी पोचवाव्यात. कोणी घेतल्या नाहीत तर पुसून टाकाव्यात. वैष्णवी विचारेल, "मॅडम, पुढच्या संशोधनाचं काय?" पुढे संशोधन होईलच, वैष्णवी. ते थांबत नाही. त्याने कोणाचे काही थांबतही नाही.

कलम सहा. आमचे माजी विभागप्रमुख प्रा. नागोराव यांना माझ्या मालमत्तेतले काहीही मिळू नये. माझ्या प्रबंधातले तक्ते त्यांनी नागपूरच्या परिषदेत स्वतःचे म्हणून वाचले. मी जाब विचारला तेव्हा ते म्हणाले, "अवं पुष्पाताई, नाव कोनाचंबी असो, ज्ञान तं समाजाचं असते नं!" त्यांना माझ्याकडून जे घ्यायचे होते ते त्यांनी माझ्या हयातीतच घेतले आहे. कॉलेजने शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर त्यांच्या हातात माईक देऊ नये. मी त्यांना क्षमा केलेली नाही, आणि क्षमा केल्याने रक्तदाब उतरतो हे मला माहीत आहे.

कलम सात. पुस्तके कॉलेजच्या ग्रंथालयाला. वेताची खुर्ची शेजारच्या गोपालला. तो नेहमी म्हणतो, "मॅडम, हे खुर्ची मले द्या. इथं बसलं का मानूस खरं बोलते." गोपाल, तो गैरसमज आहे. समुपदेशनाला येऊन त्या खुर्चीत नवरा-बायको बसले, बाप-लेक बसले, एकमेकांचे तोंड न पाहणारे भाऊ बसले. मी त्यांना ऐकायचे कसे आणि बोलायचे कसे ते शिकवले. त्यांपैकी किती जणांचे जुळले हे मला ठाऊक नाही. जे पुन्हा आले नाहीत त्यांना आम्ही 'बरे झाले' या रकान्यात धरत होतो. अलीकडे झोप येत नाही तेव्हा मी त्यांचे चेहरे आठवत बसते. एकाही चेहऱ्याबद्दल मला काही खात्रीने सांगता येत नाही. माणूस समजतो, या समजुतीवर मी आयुष्य काढले. मला माझी बहीण समजली नाही. आता वेळ नाही आणि उमेदही नाही.

कलम आठ. अंत्यविधी. मला तांड्यावर न्यावे. पहिल्या मसुद्यात इथे लिहिले होते की बबिताला फक्त निरोप द्यावा, ये म्हणून विनवू नये. ते आता रद्द समजावे. कारण खालीलप्रमाणे.

आज सकाळी लालीकाकी साक्षीदार म्हणून अंगठा द्यायला आली. येण्याआधी ती माझ्या सांगण्यावरून केळापूरला जाऊन आली होती. मी तिला एवढेच म्हटले होते की बबिताला माझ्या तब्येतीचे सांग. काकीने स्वतःच्या मनाने तिला म्हटले, आत्ताच चल माझ्यासोबत, बहीण आहे तोवर भेट. त्यावर बबिता जे बोलली ते काकीने मला आमच्या गोरबोलीत, जसेच्या तसे सांगितले. वाचणाऱ्याला समजावे म्हणून इथल्या बोलीत लिहिते:

"आता कायले येऊ? आता आली तं ते मले समजावून सांगत बसन. मेल्यावर येईन म्हना. पन रडनार नाही. तिले रडनं समजत नाही. तिच्यासंग साधं बोलीन, तिले पायजे होतं तसं."

काकी म्हणाली, "मनावर नको घेऊ, पोरी. रागात बोलली ते." ती रागात बोलली नाही. मी बबिताला लहानपणापासून ओळखते. तिला जे बोलायचे आहे ते तिने इतकी वर्षे जपून ठेवले आहे, आणि मी त्यात तोंड घालणार नाही अशी वेळ तिने निवडली आहे. मी तिला निरोप पाठवू शकले असते की आत्ताच ये, मी काही बोलणार नाही. काकी पुन्हा जायलाही तयार होती. मी पाठवला नाही. ती समोर बसून बोलू लागली की मी बोलेनच. तिला ते माहीत आहे. मलाही.

तरी माझी शेवटची इच्छा पुढीलप्रमाणे असून ती पाळणे वैष्णवीवर बंधनकारक आहे. बबिता येईपर्यंत थांबावे. ती आल्यावर बायकांनी तिच्या गळ्यात पडू नये, तिला रड म्हणू नये, आणि ती रडली नाही म्हणून मागाहून कोणी नाव ठेवू नये. तिला माझ्याजवळ बसू द्यावे. बाकीच्यांनी, वैष्णवीनेसुद्धा, बाहेर जाऊन दार ओढून घ्यावे. ती आत काय बोलते ते कोणी ऐकू नये आणि कोणी विचारू नये. ऊन चढले, माणसे खोळंबली, तरी तिला घाई करू नये. तिचे बोलणे संपेपर्यंत मला उचलू नये.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले, साक्षीदारांना वाचून दाखवले आणि त्यांच्यासमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सही आणि अंगठा केला. दोघांपैकी कोणालाही यातून काही मिळत नाही.

लिहून देणार: पुष्पा हरिसिंग आडे (सही)

साक्षीदार:
१. लालीबाई भावसिंग आडे, राहणार तांडा, तालुका नेर (डाव्या हाताचा अंगठा)
२. बळीराम इंगोले, राहणार यवतमाळ (सही)

ठिकाण: लोहारा, यवतमाळ
दिनांक: १९ फेब्रुवारी २०२५