हाकेचं नाव

१० नोव्हेंबर, सोमवार

आलो एकदाचे मेढ्याला! सांगलीहून निघताना आईनं डोळ्याला पदर लावला, जणू मी सातासमुद्रापारच निघालेय. साताऱ्यात एसटी बदलली. माझं बाईमाणसाचं अर्धं तिकीट, दाद्याचं पोराचं अर्धं. कंडक्टर हसून म्हणाला, दोघं मिळून एक आख्खा पॅसेंजर झाला की वहिनी. दाद्या फुगून बसला. सहावीत गेल्यापासून त्याला कुणी अर्धं म्हटलेलं चालत नाही.

हायस्कूलच्या मागेच दोन खोल्या मिळाल्यात. खिडकीतून डोंगर दिसतो, दारात पेरूचं झाड आहे. सासूबाई, म्हणजे बनुबाई, गावाकडून आधीच येऊन गॅस मांडून बसल्या होत्या. मी त्यांना आत्या म्हणते. आमचे हे फौजेत, सध्या राजस्थानात. फोनवर म्हणाले, माझ्या बापाच्या शाळेत तू क्लार्क आणि पोरगा विद्यार्थी, अजून काय पायजे?

खरंच आहे ते. मामंजी याच शाळेत शिकले. दाद्याच्या जन्माआधीच ते गेले, म्हणून रीतीप्रमाणे त्यांचंच नाव दाद्याला ठेवलं. आता सुनेनं सासऱ्याचं नाव कसं घ्यायचं आणि बायकोनं नवऱ्याचं? म्हणून घरात हाकेचं नाव दाद्या. खरं नाव फक्त शाळेच्या कागदावर. या वहीत ते लिहायलासुद्धा माझा हात धजत नाही. बीकॉम झालेली बाई मी, माझंच मला हसू येतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मुख्याध्यापक नानासो सर देवमाणूस. आल्या आल्या चहा, वर गूळ-शेंगदाणे. सगळे मला रांजणे मॅडम म्हणतात, त्यामुळे उगाच मोठं झाल्यासारखं वाटतं.

कॉम्प्युटर मात्र देवाघरचा नाही. संस्थेनं त्यात एक सुरक्षा सॉफ्टवेअर बसवलंय. स्क्रीनच्या कोपऱ्यात फेटेवाला पहारेकरी काठी घेऊन उभा असतो, म्हणून सगळा स्टाफ त्याला मिशीवाला म्हणतो. हा मिशीवाला रोज शाळा भरायच्या वेळेलाच तपासणी काढतो, आणि मग माऊससुद्धा बैलगाडीच्या चालीनं सरकतो. आज त्यानं 'हजेरी' नावाची फाईल संशयित ठरवून कोंडून घातली. प्रिंटर धोकादायक ठरवला. माझा कीबोर्ड अनोळखी ठरवला! मी म्हटलं, बाबा रे, अनोळखी तर तूच आहेस मला.

हेल्पलाईनला फोन लावला. मराठीसाठी हे दाबा, तक्रारीसाठी ते दाबा, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग एक मुलगा म्हणाला, मॅडम, बंद करून परत चालू करा. केलं. मिशीवाला परत हजर, आणि तपासणी पहिल्यापासून सुरू. मेल्याला चांगली बत्ती द्यावीशी वाटते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

साताऱ्याहून मतीन आला होता, संस्थेचे कॉम्प्युटर तोच बघतो. हुशार पोरगा आहे, पण मिशीवाल्यापुढे त्याचंही काही चाललं नाही. काढून टाकायला पासवर्ड लागतो आणि तो माझ्या आधीच्या क्लार्ककडे, आकारामभाऊंकडे. ते दिवाळीच्या सुट्टीत अचानक राजीनामा देऊन पाटणला निघून गेले.

त्यांना फोन लावला. म्हणाले, पासवर्ड आता चालत न्हाई, त्यो आपला आपुन बदलतो. मग जरा थांबून म्हणाले, बाई, त्यानं कायबी इचारलं तर उत्तर देऊ नका. मी का म्हणून विचारलं तर फोन कट. मतीन म्हणाला, म्हातारा सटकलाय.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

नवीन काम अंगावर आलंय. शाळेचे जुने विद्यार्थी कॉम्प्युटरवर चढवायचे आहेत. मला तर हे काम फार आवडलं. आज टाईप करता करता मामंजीच भेटले! पाचवीला दाखल, गाव, जन्मतारीख, सगळं. आत्यांना सांगितलं तर पदरात तोंड लपवून लाजल्या.

दुपारी मात्र डोकं फिरलं. आठवीची यादी छापत होते, तेवढ्यात स्क्रीनभर लाल चौकट आली.

तोतया सापडला. उदयसिंह जयराज कदम. एकाच नावाच्या दोन नोंदी. जुनी नोंद अस्सल आहे.

खाली दोनच बटणं. 'अस्सल ठेवा' आणि 'नंतर आठवण करा'. तोतया कसला डोंबलाचा! एक आजोबा, एक नातू. आजोबांचं नाव नातवाला, पणजोबांचं बापाला, की झालं पूर्ण नाव जसंच्या तसं. आपल्याकडे घरोघरी असतं. पण हे त्या दगडाला कोण समजावणार? दोन्ही ठेवा असं बटणच नाही. चौकट नेमकी छपाईच्या बटणावर बसलेली. तीन-चारदा 'नंतर' दाबलं, लगेच परत येते. शेवटी वैतागून 'अस्सल ठेवा' दाबलं आणि यादी छापली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आठवीच्या वर्गशिक्षिका राजेश्वरी बाईंनी हजेरी घेतली तेव्हा मी सूचना घेऊन दारातच उभी होते. त्यांनी उदयसिंहचं नाव घेतलं. पोरगा पहिल्या बाकावरून हजर म्हणाला, हातही वर केला. बाई त्याच्याकडे बघतच नव्हत्या. परत नाव घेतलं. पोरगा उभा राहिला, रडकुंडीला आला. शेजारचं पोरगं त्याच्या अंगावरून हात लांबवून पट्टी घेत होतं, जणू मधे कुणी नाहीच.

मी बाईंना म्हटलं, तो काय उभा आहे. त्या म्हणाल्या, कोण? मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढलाय. ऑफिसात येऊन त्याची नोंद शोधली. नाही. फक्त आजोबांची आहे, आणि तिच्यापुढे लिहिलंय, इयत्ता आठवी.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज आठवीत पहिल्या बाकावर एक म्हातारा बसला होता. धोतर, कोपरी, डोक्याला मुंडासं. पायाशी पोराचं निळं दप्तर. भर दुपारी, सगळ्या वर्गादेखत. बाईंनी नाव घेतलं. म्हातारा म्हणाला, हजर हाय. बाईंनी खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.

पोरगा कुठेच नाही.

मी नानासो सरांना सांगितलं. ते माझ्याकडे काळजीनं बघत राहिले. म्हणाले, उदयसिंह तर आधीपासूनच असा हाय की मॅडम, शांत पोरगं. पोरगं म्हणाले ते. मी वर्गात बोट दाखवलं तर म्हणाले, लय काम पडतंय तुमच्यावर, जरा घरी जावा.

त्याची आई फाटकाशी भेटली. तिला विचारलं, मुलगा कुठाय? म्हणाली, आमाला कुठलं आलंय पोरगं. म्हणताना तिच्या हातात डबा होता. पोराचा डबा. तो कुणाला द्यायला आलेय हे तिला आठवत नव्हतं आणि ती तशीच उभी होती. मला तिथेच रडू फुटलं.

ते बटण मी दाबलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मिशीवाला अक्षरांच्या क्रमानं चाललाय. उ झाला. आज क, ख, ग. दाद्याचं नाव ल वरून.

मामंजींची नोंद मीच चढवली. माझ्याच हातानं, कौतुकानं. आज ती पुसायला गेले. 'अस्सल नोंद संरक्षित आहे.' दाद्याच्या नावात काही बदल करावा म्हटलं. 'तोतया वेश बदलत आहे' असं आलं आणि तपासणीचा वेग वाढला. वायर उपटली. स्क्रीन बंद झाली आणि नानासो सरांच्या मोबाईलवर मिशीवाला आला. त्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. अपडेट असंल, म्हणाले.

मतीनला फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मॅडम, खोटा इशारा असतो तो, दुर्लक्ष करा.

हेल्पलाईन म्हणते, बंद करून परत चालू करा.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळीच मिशीवाला आला. स्क्रीनवर आलं तसंच लिहिते, मामंजी माफ करा.

तोतया सापडला. लालासाहेब नाथाजी रांजणे. जुनी नोंद अस्सल आहे.

'नंतर आठवण करा' दाबलं. परत आला. दाबलं. परत. दिवसभर तेच करत बसले. बोट दुखतंय. उठले नाही, पाणी प्यायले नाही. दाद्या डबा खायला ऑफिसात आला, मला चिडवून म्हणाला, आई, गेम खेळतेस का? त्याचा चेहरा नीट बघून घेतला. उजव्या भुवईवर पडल्याची खूण आहे. लिहून ठेवते. उजव्या भुवईवर.

२९ नोव्हेंबर, शनिवार

नानासो सरांनी दाबलं.

मी बाहेर होते, दाद्या मैदानावर दिसत नाही म्हणून बघायला गेले होते. तेवढ्यात. दहावीचे फॉर्म अडकले होते म्हणाले. बिचारे हसत होते. म्हणाले, एवढंसं बटण दाबायला मॅडम तुमी दोन दिवस बसला!

मी किंचाळले. शिपाई, शिक्षक सगळे जमले. दाद्या माझा हात धरून उभा होता. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी त्याला घेऊन सांगलीला निघाले. एसटीत दोन अर्धी मागितली. कंडक्टरनं एकच फाडलं. दुसरं कुणाचं, म्हणाला. तोच कंडक्टर. दाद्या खिडकीशी बसला होता. एक माणूस आला आणि त्याच्या मांडीवर पिशवी ठेवून निघून गेला.

३० नोव्हेंबर, रविवार

आईनं दार उघडलं आणि विचारलं, एकटीच आलीस का गं?

ह्यांना फोन केला. म्हटलं, दाद्या— ते म्हणाले, कोण दाद्या? म्हटलं, आपला मुलगा. मग म्हणाले, दीपा, मी सुट्टी टाकतो, डॉक्टरला दाखवू.

दाद्या ऐकत होता. त्यानं विचारलं, आई, मी काय केलं?

मी परत पिशवी भरायला घेतली.

१ डिसेंबर, सोमवार

परत मेढ्याला. जे काही होईल ते त्याच कॉम्प्युटरवर होईल, दुसरी वाट नाही. दाद्याला मांडीवर घेऊन आले. हलका लागला. पोर सहावीत आहे आणि पिशवीएवढं हलकं.

घरी आत्यांनी दार उघडलं. कपाळाला कुंकू. हातात हिरव्या बांगड्या, चांगल्या मनगटभर. म्हणाल्या, बाजारातनं भरून आले गं, आता मोकळा हात बरा दिसत न्हाई, मानूस घरी यायचंय. इतक्या आनंदात होत्या. मी त्यांच्यावर ओरडू शकले नाही.

दाद्यानं त्यांना आजी म्हणून हाक मारली. त्यांनी वाऱ्यानं वाजलं म्हणून खिडकी लावली.

२ डिसेंबर

सापडलं. मिशीवाल्याच्या पानावर अगदी खाली, बारीक अक्षरात — 'आक्षेप नोंदवा'. आईवडिलांपैकी एकानं खऱ्या विद्यार्थ्याचं पूर्ण नाव स्पष्ट आवाजात उच्चारावं. आवाज एकदाच घेतला जाईल.

म्हणजे मी ते नाव घ्यायचं. लग्न झाल्यापासून एकदाही घेतलं नाही. नुसतं ओठावर आलं तरी जीभ अडखळते. पण घेईन. माझ्या पोरासाठी घेईन. रीत गेली खड्ड्यात.

उद्या शाळा भरली की. दाद्या कुशीत आहे — आहे. हात लावला की लागतो. थोड्या वेळानं लागतो, पण लागतो.

३ डिसेंबर

घेतलं. दाद्या शेजारच्या खुर्चीत होता. माईकजवळ तोंड नेलं आणि मोठ्यानं घेतलं, पूर्ण, बापाच्या नावासकट.

मिशीवाला हसला. आजवर कधी हसला नव्हता. 'धन्यवाद. खात्री झाली.'

आणि दारातून कुणीतरी ओ दिली.

जाडा आवाज. पोराचा नव्हे. म्हणाले, व्हय सूनबाई, आलो.

खुर्ची—

३ डिसेंबर, नंतर

ज्याचं नाव त्यानं ओ दिली. बरोबरच आहे. ते नाव कधी त्याचं नव्हतंच, उसनं होतं. त्याचं स्वतःचं एकच नाव होतं, हाकेचं. ते कुठल्याच कागदावर नव्हतं. मिशीवाल्याकडेही नव्हतं. मी तेच घ्यायला हवं होतं. रोज घेत होते. स्वयंपाक करता करता घेत होते —

आता स्क्रीनवर टाकून बघितलं. अशी नोंद नाही.

४ डिसें.

ओट्यावर बसलेत. आत्या त्यांना पेरू कापून देताहेत. दप्तर त्यांच्या पायाशी. कुणाचं दप्तर ते मला — माहीत आहे. माहीत आहे मला. उजव्या भुवईवर खूण. की डाव्या. मागे लिहिलंय, बघते —

चहा मागताहेत. डोक्यावर पदर घेतला मी. आपोआप. कधी घेत नाही मी.

विसरायच्या आत लिहून ठेवते. हाक मारायचे मी त्याला. दोनच अक्षरं. तोंडात आहेत अजून. शाळा सुटली की दारात उभी राहून मारायचे, पेरूच्या झाडाखालून धावत यायचा, मी म्हणायचे, अरे हळू, पडशील, हळू रे दा