वरच्या पाड्यावरचा गोवर

११ मार्च १९९६, सोम.
पेठहून एसटी, पुढे चालत वरचा पाडा. पिंपळगावकडे द्राक्षतोडीला गेलेली माणसं आठवड्यापूर्वी परतलीत, म्हणून लहान पोरं तपासायला गेले. भर दुपारी पाड्यात आवाज नाही. कोंबड्या तेवढ्या फिरतायत. दारांना कडुनिंबाचे डहाळे, आत अंधार. एका घरात वाकून पाहिलं. अंधारात ओल्या, लाल डोळ्यांच्या चार-पाच जोड्या. रडणं नाही, काही नाही. गोवर. नऊ घरांत.
त्यातल्या एका पोरीची, सोनीची आई दारातच आडवी आली. "बाई, आत नको येऊ. माता आलीय."

१२ मार्च
उपकेंद्रात लसीचं रजिस्टर काढून आजारी पोरांची नावं ताडली. जवळजवळ सगळ्यांपुढे टोचल्याची खूण. माझ्याच हातची. एकाच दिवसाची, गेल्या मेमधली.
तो दिवस विसरलेच नव्हते. घाटात एसटी बंद पडली, उन्हात दोन तास. पाड्यावर पोचून लसीचा डबा उघडला तर बर्फाचं पाणी, तेही कोमट. बायका कामाचा खाडा करून थांबलेल्या. परत कशी पाठवू? टोचली. कुणाला बोलले नाही. नाशिकला ह्यांनाही नाही.

१५ मार्च
आज डॉक्टरांना मेमधल्या त्या दिवसाचं सांगितलं. म्हणाले, "सिस्टर, लस घेऊनही काहींना होतो गोवर. मनाला लावून घेऊ नका."
काहींना.
औषधं घेऊन वर गेले. एका घरात खोकला सुरू झाला की शेजारी, मग त्याच्या पलीकडे. मग सगळं एकदम थांबतं. तेव्हा मान वर करून बघायचीही भीती वाटते. सोनीची छाती घरघरतेय. जीप मिळवली, नाशिकला न्या म्हटलं.

१६ मार्च
सोनी वाटेतच गेली. अडीच वर्षांची. मला जेवण गेलं नाही.

२० मार्च, बुध.
नवी लस आली. आधी सोनीच्या घरी. आई सुपात नागली पाखडत होती. सांगून टाकलं. "मे महिन्यात बर्फ वितळला होता. लस मेली असणार, हे मला कळत होतं. तरी टोचली."
सूप थांबलं नाही. मग ते खाली ठेवून आत गेली. मला वाटलं, आता कोयता घेऊन येते. धाकट्याला घेऊन आली, दहा महिन्यांचा.
"याला टोच."
मग म्हणाली, "आज बर्फ हाय का?"
डबा उघडला. तिनं आत हात घातला, बोटं लाल होईपर्यंत ठेवला. मग पोराचा दंड पुढे केला.
टोचलं. दंड गरम लागला. चुलीजवळ निजला होता, तेही असेल. थर्मामीटर लावला. नव्व्याण्णवच्या थोडा वर. गोवरही असाच सुरू होतो.
"किती हाय?"
मी म्हटलं, उद्या परत येऊन बघते.