खुर्ची कुणी केली

देवास, मार्गशीर्ष वद्य द्वितीया, शके १८३१

प्रिय तात्या,

दर पत्रात 'तीर्थरूप' लिहिते. आज ते लिहवेना.

तुमचं पत्र काल पोचलं. थंडीनं मामंजींचे गुडघे पुन्हा धरलेत, पण खुर्ची आहे म्हणून आपले आपण उठतात. पाटावरून उठवायला दोघं लागायची. जन्मभर दुसऱ्यांच्या खुर्च्या केल्या, सुताराच्या घरात मात्र पाटच! म्हणून यांनी आणलेल्या साहेबी पुस्तकातलं चित्र पाहून मी ती मागच्या पडवीत केली. नक्षी नाही, खिळा नाही. सरळ चौकोनी पाय, रुंद हात, सांध्यांत लाकडी खुंट्या. मामंजींच्या गुडघ्याची उंची सुतळीनं मापली. दोन महिने सासूबाई दार लावून घ्यायच्या, कुणी बघेल म्हणून. मामंजी पहिल्यांदा बसून उठले आणि आपला रंधा त्यांनी माझ्या हातात ठेवला.

तुमचा हात थरथरायला लागल्यापासून माझं लग्न होईतो माहेरी धारेत तुमच्या नावानं मीच लाकूड तासलं. त्याचं काही वाटलं नाही, घरची चूल होती. पण ही खुर्ची माझी होती हो तात्या! भाऊबीजेला तुम्ही इथं असताना संस्थानचे कारभारी आले, कुणी केली म्हणून विचारलं. मामंजी तोंड उघडणार, तोच तुम्ही म्हणालात, मीच धारेहून धाडली. मी पानाचं तबक घेऊन तिथंच उभी. वाह मिस्तरी, म्हणत त्यांनी तुम्हाला पागोटं दिलं, तशाच सहा खुर्च्या करायला सांगितल्या. वाटलं, लेकीला लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून बाप खोटं बोलला. कसली वेडी मी!

आता लिहिता, सांधे बसत नाहीत, माहेरपणाचं निमित्त करून ये, आतल्या खोलीत सहा करून दे, कुणाला कळणार नाही. लेकीला माहेरचं बोलावणं असं असतं? मी येणार नाही.

पत्र यांनी मामंजींना वाचून दाखवलं. ते भडकलेत. आजच कारभाऱ्यांकडे जातो म्हणाले. चारचौघांत तुमचं पागोटं उतरेल, ते मला बघवणार नाही. पाया पडून मी आठ दिवस मागून घेतलेत. तेवढ्या दिवसांत या आणि तुमच्याच तोंडानं खरं सांगा. मग सहाही खुर्च्या मी इथंच, पडवीचं दार उघडं टाकून करीन. नाही आलात, तर नवव्या दिवशी मामंजी निघतील. त्यांना उठवायला आता कुणी लागत नाही.

अजून तरी तुमचीच,
सुभद्रा