निळी पट्टी

प्रिय बाबा,

तुम्ही आणि आई गोरखपूर बाजारात भाजी आणायला गेला आहात, तेवढ्यात हे लिहून संपवायचं आहे. एकाच घरात राहून पत्र कसलं लिहिते ही, असं म्हणाल. पण फोन केला तर आई उचलते, मेसेज पाठवला तर तीच तुम्हाला वाचून दाखवते, आणि समोर बसून बोलायला गेले की तुम्ही कूलरमध्ये पाणी भरायला उठता. परवाही उठलात. कूलर काठोकाठ भरलेला होता. सोमवारी आमची साइट दाखवायला आईला जिल्ह्यातल्या शिक्षकांसमोर स्टेजवर उभं करायचं की नाही, हे आज ठरायला हवं, आणि तुमच्याशिवाय ते ठरणार नाही.

माझं काम म्हणजे कंप्यूटरवर रंगरंगोटी, असं तुम्ही शेजाऱ्यांना सांगता ते मला माहीत आहे. म्हणून आधी ते नीट सांगते. सरकारी शाळेतल्या शिक्षकांना पाठ, वर्कशीट, छोटे व्हिडिओ एकाच जागी मिळावेत म्हणून आमची संस्था ही साइट बनवते आहे. एक तास संपून दुसरा सुरू होण्याआधी मॅडमला हवं ते मोबाइलवर सापडलं पाहिजे. त्यासाठी भोपाळहून इथे आले, शाळाशाळांत जाऊन साइट शिक्षकांच्या हातात देते आहे. एक काम सांगायचं, शेजारी बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं. माणूस अडला तरी मदत करायची नाही, कुठे अडला तेवढंच बघायचं. सुरू करण्याआधी मी प्रत्येकाला सांगते, चूक झाली तर ती साइटची, तुमची नाही. आणि ते खरंच असतं. गढ्याच्या शाळेतल्या भानुमती दीदी 'संसाधन' या शब्दापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "ये क्या बला है, बेटा?" त्यांच्यानंतर सगळेच तिथे थांबले. आम्ही तो शब्द काढून 'पढ़ाने का सामान' असं लिहिलं, आणि एकही जण पुन्हा अडला नाही.

घरातच शिक्षिका आहे म्हणून साइट आईच्याही हातात दिली. ती मात्र सगळे थांबतात तिथे थांबली नाही. ती भलत्याच ठिकाणी थांबली. आधी इयत्ता निवडताना. मी आकडे मोठे केले. मग आकडे जमले आणि परत कसं जायचं ते सापडेना. मी बाण ठळक केला. मग एकदा सगळं बरोबर करून तिने वर्कशीट उघडलं आणि माझ्याकडे बघत राहिली. काय शोधत होती तेच तिला आठवेना. त्या संध्याकाळी मी आणि माझ्यासोबत काम करणाऱ्या आलोकने प्रत्येक पानावर वर एक निळी पट्टी टाकली. 'आप यह ढूँढ रही थीं' आणि पुढे इयत्ता, विषय, धडा. बाबा, त्या पट्टीचं इतकं कौतुक झालं. भोपाळच्या बैठकीत साहेबांनी त्या पट्टीचं नाव घेऊन माझी पाठ थोपटली. शिक्षकाचं मन ओळखलंस, म्हणाले. मी धन्यवाद म्हटलं आणि बाहेर येऊन जिन्यात बसले. ती पट्टी मी शिक्षकांसाठी केलीच नव्हती.

घरी तुम्हीही तेच करून राहिला आहात, हे यावेळी मला दिसलं. जिऱ्याच्या, मोहरीच्या, हळदीच्या डब्यांवर तुमच्या फॅक्टरीतल्या टपोऱ्या अक्षरात चिठ्ठ्या लागल्या आहेत. किल्ल्यांचा खिळा दारापाशी आला. तिचा गुडघा दुखतो म्हणून तुम्ही तिला स्कूटरवर शाळेत सोडता आणि आणायला जाता, पण मदन महालच्या टेकडीचा चढ ती माझ्याआधी चढून गेली, तेव्हा गुडघ्याचं नावही नव्हतं. गुडघ्याचं नाही, ती रस्ता विसरते त्याचं आहे ते. परवा दूध उतू गेलं तेव्हा ती हसत म्हणाली, "चूक साइटची." तुम्ही पोट धरून हसलात, मीही हसले. आता ती सगळ्यालाच तसं म्हणते. हे वाक्य तिच्या तोंडी मीच दिलं आणि आता ते परत कसं घ्यावं ते मला कळत नाही.

बुधवारची गोष्ट तुम्हाला सांगितली नाही. सोमवारी दाखवायचं तेच आई आणि मी करून बघत होतो. चौथी, भागाकार. तीस वर्षं तिने शिकवलेला भागाकार. तिसऱ्या पानावर ती थांबली, तिने वर बघितलं, पट्टी मोठ्याने वाचली आणि म्हणाली, "अच्छा. पण हे कोण शोधून राहिलं?" मी नियमाप्रमाणे गप्प बसले. ती चिडली. "काहून अशी बघून राहिली माझ्याकडे? तुझी साइटच धड नाही." मग मोबाइल पालथा ठेवून चहा करायला गेली. चहात साखर दोनदा पडली. तुम्ही तो गुपचूप प्यालात, आणि मी काही म्हणण्याआधीच म्हणालात, "चष्म्याचा नंबर वाढला असेल, और क्या." चष्मा तिने होळीनंतरच बदलला. तुम्हीच नेलं होतं.

मी लहान असताना तुम्ही एकदा मला तुमचं काम समजावून सांगितलं होतं. तयार तुकडा गेजमध्ये, म्हणजे माप तपासायच्या साच्यात, बसला नाही, तर तुकडा बाजूला काढायचा आणि का बसला नाही ते शोधायचं, गेज घासून मोठा करायचा नाही. तसं करणाऱ्या एका माणसावर तुम्ही किती संतापला होता ते मला अजून आठवतं. आई काही तुकडा नाही, पण आपण दोघंही इतके दिवस गेजच घासत बसलो आहोत. मला राग येतो, बाबा. तुमचा येतो, माझा त्याहून जास्त येतो. आणि भीती वाटते. ती त्या हॉलमध्ये माइक धरून थांबली, तर समोर तिनेच शिकवून तयार केलेल्या मुली बसलेल्या असतील, आता त्याही शिक्षिका आहेत. त्या तिला खालून उत्तर सांगतील. ते तिला सहन होणार नाही, आणि मलाही.

म्हणून तुम्ही हो म्हणाल या भरवशावर मी दोन गोष्टी करून ठेवल्या आहेत. सोमवारी साइट भानुमती दीदी दाखवतील, त्यांनी हो म्हटलं आहे आणि कारण विचारलं नाही. आणि त्याच सकाळी मेंदूच्या डॉक्टरांकडे आईची वेळ घेतली आहे. हे तिला मी सांगितलं तर ती म्हणेल, साइट बिघडली म्हणून ही आईलाच डॉक्टरकडे पाठवते. तुमचं ती ऐकेल. हे पत्र तुमच्या बीपीच्या गोळ्यांखाली ठेवते, तिथे तुमच्याशिवाय कोणाचा हात जात नाही. जेवणं झाली की तिला जवळ बसवा आणि सांगा. मी तिथेच असेन, आणि यावेळी गप्प बसणार नाही. गेट वाजलं, आई बाहेरून विचारते आहे की कोथिंबीर घेतली का, आणि पिशवी तिच्याच हातात आहे. बाबा, रात्री उठून कूलरकडे जाऊ नका. चूक साइटची नव्हती हे तिला सांगावंच लागेल. पण तिचीही नाही, हे आधी सांगा.

तुमचीच,
यामिनी