बांधेल तो आधी लटकेल

महू,
१३ जानेवारी २०२५

चि. विपुल यास,

अनेक आशीर्वाद. वीस वर्षांची सवय आहे, हात आपोआप गेला. लिहिलेलं खोडायची मला सवय नाही, पण ह्या वेळी ते मनापासून नाही एवढं समजून घे.

इकडे सगळं ठीक. थंडी चांगलीच पडली आहे. शाळांची संमेलनं आली, त्यामुळे शिवणाचं मशीन दिवसभर चालू असतं. तुझी आई कशी आहे? बड़ा गणपतीजवळच्या तुमच्या घराचा जिना आता तिला चढवत नाही असं ऐकलं. तिला जप. तिच्याशी माझं काही वाकडं नाही.

तू पाठवलेला कागद मिळाला. सोबत रविवारच्या, तुमच्याकडच्या लालबागेतल्या मेळ्याचं निमंत्रणही होतं. ‘स्व. पंचशील यांच्या स्मरणार्थ स्टंट शो’, आणि दिवा त्याच्या बहिणीने लावायचा! वाचून आधी हसू आलं, मग बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिले. माझा भाऊ जाऊन तीन महिने झाले, आणि तू त्याचा फोटो पोस्टरवर छापलास.

कागदावर लिहिलंय, ‘कलाकार आपला दोर नेहमी स्वतः तपासत असे. त्या दिवशीही त्यानेच तपासला होता.’ खाली माझं नाव आणि सहीची जागा. फोनवर किती गोड बोललास, “ताई, सिर्फ फॉर्मॅलिटी आहे. तू साइन करून दे, बाकी मी देख लेतो.” मेलेला माणूस उठून बोलत नाही, म्हणून सगळं त्याच्याच माथी मारायचं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

दोर कोण तपासतं हे तुला मी सांगायला हवं? आमचे आजोबा, आनंदराव, फौजेत जवानांना दोर बांधायला शिकवायचे. तेच त्यांनी तुला आणि पंचशीलला घरामागच्या आंब्यावर शिकवलं. नियम एकच, बांधेल तो आधी लटकेल. तू नऊ वर्षांचा होतास. पहिली गाठ बांधलीस, लटकलास, गाठ सुटली आणि धपकन आपटलास. रडायला लागलास तर आजोबा म्हणाले, “शाबास. दुसरा तर नाही पडला!” गुडघ्याला हळद मी लावली होती.

पुढे तुम्ही दोघं शूटिंगची कामं घेऊ लागलात. तू बांधायचास, तो उडी मारायचा. दर वेळी आधी तू लटकायचास, मग तो चढायचा. म्हणून मी घरी निर्धास्त असायचे.

त्या दिवशी बेटमा गावाजवळ, सोयाबीन काढलेल्या शेतात, किल्ल्याचा सेट होता. तुझ्या टोळीतली दुर्गा खालीच उभी होती, तिने मला सगळं सांगितलंय. सूर्य कलला होता, डायरेक्टर चिडला होता. तू बांधलंस आणि ओरडलास, “चल भिया, लाइट जा रही है!” लटकला नाहीस. बुरुजावरून त्याने उडी घेतली आणि तुझी गाठ सुटली.

एवढं लिहिलं, तरी मी एक गोष्ट टाळते आहे. ती दुर्गालाही माहीत नव्हती.

बुरुजावर चढण्याआधी पंचशीलने मला फोन केला होता. म्हणाला, “ताई, विपुल आज लटकला नाही. मन नहीं मान रहा.” माझ्या हातात कुणाचा तरी घागरा होता. मशीनच्या पॅडलवरून पायसुद्धा न उचलता मी म्हणाले, “मित्र आहे ना तुझा? नखरे करू नकोस, जा.”

आणि तो गेला.

तीन महिने हे मी कुणाला सांगितलं नाही. माझं वाक्य लपवायचं तर त्याचाही फोन लपवावा लागतो, आणि तो लपवला की तू सुटतोस. तुझा कागद आला त्या दिवशी ठरवलं. काल ठाण्यात जाऊन दोन्ही वाक्यं लिहून दिली, त्याचं आणि माझंही. दुर्गाने तिचा जबाब दिला. लोक मलाही बोल लावतील, लावू देत. माझ्या भावाला निष्काळजी म्हणून कागदावर मरू देणार नाही.

क्षमा मोठी, असं आमच्या विहारात सांगतात. असेल. मला ती जमत नाही. मला सूड हवाय, आणि तो चारचौघांत हवाय.

रविवारी मी येते आहे. दिवा लावीन. त्यानंतर पहिली उडी दुर्गाची आहे ना? ती चढणार नाही. तुझ्या टोळीतलं कुणीच चढणार नाही, माझं सगळ्यांशी बोलणं झालंय. आजोबांचा नियम पोस्टरवरच्या पंचशीलसमोर पाळला जात नाही, तोवर सगळे खाली उभे राहतील. मेळा बघत असेल.

तुझ्या मापाचा कमरपट्टा शिवला आहे. माप विचारावं लागलं नाही, दर दिवाळीला तुझा कुर्ता मीच शिवत आले. तीन पदरी शिवण घातली आहे आणि आज सकाळी आंब्याला बांधून मी स्वतः त्याला लटकून पाहिलंय. पट्टा पक्का आहे.

दोर मात्र तूच बांध.

तुझा कागद सहीविना परत पाठवते आहे.

पंचशीलची बहीण,
धम्मदीना