दहापैकी आठ

२२ नोव्हेंबर
नागपूरहून परत. शेगावला उतरून बसने अमडापूर. अंग आंबलंय.
नवऱ्याच्या, वामनच्या, लिव्हरमधली गाठ काढावीच लागणार. वामन वजन करायला गेला तेव्हा डॉक्टरांनी मला स्क्रीनवर दाखवली. उजवीकडे, पार मागे, वरच्या अंगाला, मोठ्या शिरेला खेटून. लिव्हरही कडक झालेलं. दुर्बिणीचं ऑपरेशन किती अवघड जाईल याचे आधीच गुण मांडतात म्हणे. जितके जास्त तितकं अवघड. रक्तस्राव होईल, पित्त गळेल, मध्येच पोट उघडावं लागेल, हे त्यावरून ताडतात. "दहापैकी आठ," डॉ. म्हणाले, आणि नेमका तेव्हाच वा. दार लोटून आत.
असा खुलला चेहरा. डॉक्टरांना तेवढ्यात ऑपरेशनचं बोलावणं आलं, ते गेले. मी रिपोर्ट पिशवीत भरत राहिले. बाहेर येऊन म्हणतो, "आठ. तू तं शाळेत माह्या सख्ख्या भाच्याले बी सहाच्या वर देत नाही."

२४ नोव्हेंबर
दहावीला दोनदा आपटलेला माणूस. मोटर वाइंडिंगच्या दुकानात येईल त्याला सांगतोय, माह्या लिव्हरले दहापैकी आठ भेटले. समोरचे किराणावाले रहीमभाई जिलबी घेऊन आले. "भाबी, मंग तं फर्स्ट क्लास झालं." मी चहा ठेवायला आत गेले नि ओट्याला धरून उभी राहिले.
शाळेचे पेपर तपासायला घेतले. एकावर आठ लिहिलं आणि तिथेच... बाकीचे उद्या.

२७ नोव्हेंबर
आज सांगणारच होते. तुरीच्या शेंगा उकडल्या. वा. सोलून सोलून दाणे माझ्याच ताटलीत टाकत होता, स्वतः एक खाल्ला नाही. अशाला काय सांगायचं. रागच येतो त्याचा.
डॉक्टरांचा फोन. ऑपरेशनच्या कागदावर सही त्यांनी समजून करायला हवी, मॅडम. म्हटलं, सांगते.

३० नोव्हेंबर
सांगितलं. दुकान बंद करून आला तसं, अंगणातच. "थे मार्क चांगले नाहीत हो. जितके जास्त, तितकं ऑपरेशन अवघड."
हात धूत होता, धूतच राहिला. "मंग गावभर काऊन हिंडू देलं मले?"
"तुमी खूश होते."
"अन् तू एकटीच घेऊन बसली."
एवढंच. रागावला असता तर बरं. जेवताना म्हणाला, "रहीमभाईले सांगू नको. जिलबी वापस मांगन थो." मी हसले, मग रडू आलं, मग त्यालाही. दोघं येड्यासारखे. फार जीव आहे माझा या माणसावर, लिहून ठेवते.

८ डिसेंबर, नागपूर
सहीआधी वा.नेच विचारलं, "साहेब, एवढं अवघड हाये तं सरळ पोट उघडूनच का नाही करत?"
डॉ. खुर्ची ओढून बसले. दुर्बिणीने सुरू करू, जखम लहान, लवकर उठाल. जड जातंय दिसलं तर उघडू. आधी गुण काढतो ते यासाठीच, रक्त, जादा माणसं, सगळं तयार राहतं. "उघडलं म्हणजे बिघडलं असं समजू नका."
"मले नका सांगू, हिले सांगा. हेच भेऊन राह्यली."
सही केली. मोठी, वळणदार.

९ डिसेंबर
सकाळी नेलं. दुपारी सिस्टर सांगून गेली, पोट उघडलंय. डॉक्टरांचं कालचं वाक्य मनात घोकत बसले.
संध्याकाळी डॉ. बाहेर आले, कपाळावर टोपीचा वळ. गाठ पूर्ण निघाली. शीर सांभाळली. रक्त द्यावं लागलं. आता पित्त गळतं का तेवढं पाहायचं. पोटात नळी ठेवलीय, तिच्यातून लालसर पाणी आलेलं चालेल, हिरवट-पिवळं नको.

११ डिसेंबर
वॉर्डात आणलं. नळीतलं सकाळी लालसर होतं. आता जरा पिवळट वाटतंय. की खिडकीतलं ऊन? सिस्टर म्हणे, डॉक्टर राउंडला आले की पाहतील. मी नळीची पिशवी उजेडात धरून पाहिली. ठेवली. परत पाहिली.
वा. जागा होता. आवाज नाहीच, नुसते ओठ. "थ्या नळीकडं काय पाहून राह्यली? माह्याकडं पाह्य."
पाहिलं. दाढी वाढलीय. केस विंचरून दिले. डॉक्टर अजून यायचेत.