तम्मण्णाची उलटी गाठ

शहापूर, ९ मार्च १९३८

चि. तम्मण्णास आशीर्वाद.

बेळगावच्या जुन्या बाजारात मी दुर्बिणीचं डोळ्याकडचं भिंग घेतलं. पितळी नळीतलं, हातानं घडवलेलं. अख्खी कृत्तिका एका नजरेत मावते. अशी सफाई आपल्याकडच्या हातात नाही, असं महिनाभर सगळ्यांना सांगत होतो.

आज पुसायला उघडलं. आतली दोन भिंगं रेशमी धाग्यानं आवळलेली होती. धागा कापला, मग गाठ दिसली. मागावर तुटलेला धागा तू डाव्या हातानं असाच उलटा बांधायचास. "हाताला वळण न्हाय तुझ्या," असं मी चारचौघांत म्हणालो, म्हणून तू घर सोडलंस. भिंगं घासायला मात्र मीच शिकवलं होतं.

तसाच दुकानात गेलो, भिंग विकणारा डावखुरा होता का, विचारलं. दुकानदार म्हणाला, "व्हय अण्णा, डावराच होता. डोळे गेले, आता ठेवून काय करू, म्हनाला. गाव न्हाय सांगितलं."

म्हणजे हे पत्र पाठवायचं कुठं, तेही मला ठाऊक नाही.

दहा वेळा बांधून पाहिलं. माझ्या गाठीनं भिंगं केसभर सरकतात. तुझी गाठ मला येत नाही. ती बांधायला डोळे लागत नाहीत, तम्मण्णा. घरी ये.

तुझा थोरला भाऊ अण्णा,
केदारी